पापणीवरचा रंग

सुरत म्हटले की आपल्याकडच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक महाराजांची स्वारी आणि दुसरी सुरती साडी. मला मात्र गेल्या नवरात्रापासून तिसरीच गोष्ट आठवते. ती म्हणजे मामीच्या घरातला चमकीचा पत्र्याचा डबा.

माझे मामा सुरतेला कापडाच्या प्रोसेस हाउसमध्ये रंगखात्यात काम करतात. मामी घरबसल्या साड्यांवर टिकल्या, चमकी आणि खडे चिकटवण्याचे जॉबवर्क घेते. या काचेच्या खड्यांना तिकडे सर्रास ‘डायमंड’च म्हणतात. मामेबहीण वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुरतेत राहणाऱ्या मराठी मुलीला गणपती जितका आपला, तितकाच गरबाही आपला. तेव्हा नवरात्राच्या तिसऱ्या रात्री ती नटायला बसली. तिच्याजवळ आयशॅडोची बारा रंगांची पेटी होती, पण त्यात चमकणारा रंग एकही नव्हता. बाईसाहेबांनी मामीचा डबा उघडला, चिमूटभर सोनेरी चमकी घेतली आणि व्हॅसलीनचे बोट फिरवून ती पापण्यांवर बसवली. आरशात मोठी झकास दिसली. मीही “छान दिसतेस गं” म्हटले. तेव्हा मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी आहे हे मला आठवले नाही, हा माझा दोष.

गरब्यात घाम आला, व्हॅसलीन पातळ झाले आणि चमकीचा एक कण डोळ्यात गेला. तिने डोळा चोळला. सकाळी डोळा लालभडक झाला होता, उजेड सोसवेना आणि पाण्याची धार थांबेना. नेत्रतज्ज्ञांनी डोळ्याला एक नारिंगी पिवळ्या रंगाची कागदी पट्टी टेकवली आणि निळ्या उजेडात पाहिले. बुबुळावर एक हिरवी रेघ चमकू लागली. तो ओरखडा होता. वरच्या पापणीच्या आतून त्यांनी मोहरीहूनही लहान असा कण काढला. “रेघ कडेला आहे म्हणून निभावले,” ते म्हणाले. “मधोमध खोल जखम झाली असती, तर तिचा व्रण राहून नजर अधू झाली असती.”

डोळा चार दिवसांत बरा झाला. गरबा मात्र बुडाला. त्या चार दिवसांत मामा, मी आणि तिची ती रंगपेटी अशी आमची जी चर्चासभा भरली, तिचे सार मैत्रिणींपुढे ठेवावे म्हणून हा लेख. आपल्याकडे स्नेहसंमेलनात एका पेटीने अख्खे नाटक रंगते, तेव्हा रंगमंचावर उतरणाऱ्या मित्रांनीही तो वाचायला हरकत नाही.

पेटीत असते काय?

आयशॅडो म्हणजे पापणीवर लावायची रंगीत पूड. अनेक रंगांच्या वड्या एका पेटीत बसवल्या की झाले पॅलेट. नाव विलायती असले, तरी आतले बहुतेक जिन्नस आपल्या ओळखीचे आहेत. पुडीचा पाया असतो शंखजिरे आणि अभ्रक यांचा. शंखजिऱ्यामुळे पूड गुळगुळीत होते, अभ्रकामुळे ती पसरते आणि झळकते. तांबडा, पिवळा व काळा हे रंग लोखंडाच्या ऑक्साइडांचे असतात. अंगणात सारवणाच्या कडेला आपण जी काव लावतो, तिचाच हा शुद्ध केलेला भाऊबंद. निळा रंग पुष्कळदा अल्ट्रामरीनचा, म्हणजे एके काळी धोब्याच्या घरी असे त्या निळीचा. पांढरा रंग टिटॅनियम डायऑक्साइडचा. ही सारी पूड थोडे तेल आणि मॅग्नेशियम स्टिअरेटसारखा चिकट घटक घालून पत्र्याच्या वाटीत दाबून बसवतात.

मोत्यासारखी झळक कशी येते, हेही पाहण्यासारखे आहे. अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यावर टिटॅनियम डायऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढवलेला असतो. पावसाळ्यात रस्त्यावरच्या डबक्यात तेल सांडले की त्यावर इंद्रधनुष्य दिसते. इथेही तत्त्व तेच. थराची जाडी बदलली की परतणाऱ्या प्रकाशाचा रंग बदलतो. म्हणजे या झळकीसाठी कापडाच्या चमकीची गरजच नसते.

या खनिज रंगांचा मोठा गुण असा की ते पाण्यात वा तेलात विरघळत नाहीत. ते त्वचेवर बसून राहतात, आत शिरत नाहीत. पापणीची त्वचा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, साऱ्या शरीरात सर्वांत पातळ. म्हणून तिथे असाच रंग हवा.

कापडाचा रंग आणि चमकी

आता मामांच्या रंगखात्यात येऊ. सुरतेचे कापड मुख्यतः पॉलिस्टरचे, आणि पॉलिस्टर रंगवतात ते ‘डिस्पर्स’ जातीच्या रंगांनी. बंद यंत्रात दाबाखाली सुमारे १३० अंश सेल्सियसपर्यंत पाणी तापवले की रंगाचे बारीक कण धाग्याच्या आत शिरतात आणि तिथेच मुरतात. आत शिरणे हा त्यांचा गुणच. कापडावर तो उपयोगी, कातडीवर धोक्याचा. या जातीतले डिस्पर्स ब्लू १०६ आणि १२४ हे रंग तर त्वचारोगतज्ज्ञांच्या चांगल्याच परिचयाचे आहेत, कारण नुसत्या रंगवलेल्या कपड्याच्या घासण्यानेही काहींच्या अंगाला त्यांची खाज सुटते.

चमकीचीही तीच कथा. सुरतेची जर पूर्वी चांदीच्या तारेची, सोन्याच्या मुलाम्याची. पुढे तांब्याची तार आली आणि आता पुष्कळशी जर पॉलिस्टरच्या पातळ पापुद्र्यावर ॲल्युमिनियमची वाफ बसवून केलेली असते. साडीवरची चमकी म्हणजे असाच पापुद्रा बारीक कापलेला. भिंगाखाली पाहिले तर प्रत्येक कण षट्कोनी आणि कडा धारदार. साडीला त्याचे काही नाही, बुबुळाला मात्र ती सुरीच. सौंदर्यप्रसाधनाची म्हणून विकली जाणारी बारीक चमकीही पापणीच्या काठाजवळ नकोच. कॉन्टॅक्ट लेन्स घालणाऱ्यांनी तर तिच्या वाटेला जाऊ नये.

आकडे सांगतात काय?

पेटी उलटी करून मामा मागचे बारीक अक्षर वाचू लागले आणि एकदम म्हणाले, “अगं, हे तर आमच्याच खात्यातले आकडे!” पेटीवर छापले होते: सी.आय. ७७४९१, ७७४९२, ७७४९९, ७७८९१, ७७००७. सी.आय. म्हणजे कलर इंडेक्स. सुमारे शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडातील रंगाऱ्यांच्या संस्थेने जगातल्या रंगांची ही सूची काढली. प्रत्येक रंगाला त्याच्या रासायनिक घडणीप्रमाणे पाच आकडी क्रमांक दिला. वरचे पहिले तीन लोखंडाचे तांबडा, पिवळा, काळा. ७७८९१ म्हणजे टिटॅनियमचा पांढरा. ७७००७ म्हणजे अल्ट्रामरीन. ७५४७० दिसला तर तो कारमाइन, कोचिनियल नावाच्या किड्यांपासून काढलेला लाल. कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी तो ओळखून ठेवावा.

पण इथेच एक फसगत होते. क्रमांक आहे म्हणजे रंग निर्धोक, असे नव्हे. मामांचा पॉलिस्टरवरचा नेहमीचा लाल डिस्पर्स रेड ६० हाही त्याच सूचीत आहे. त्याचा आकडा ६०७५६. सूची रंगाचे नाव सांगते, त्याची जागा सांगत नाही. जागा ठरवतो तो कायदा. युरोपच्या कायद्यात प्रत्येक रंगापुढे मर्यादा लिहिली आहे: हा कुठेही चालेल, हा डोळ्यांच्या प्रसाधनात चालणार नाही, हा ओठांसारख्या नाजूक जागी नको, हा लगेच धुतल्या जाणाऱ्या वस्तूतच चालेल. अमेरिकेत डोळ्यांजवळच्या वापरासाठी रंगाला वेगळी मंजुरी लागते. म्हणूनच तिकडच्या काही भडक गुलाबी, जांभळ्या रंगांच्या पॅलेटवर ‘आयशॅडो’ऐवजी ‘प्रेस्ड पिगमेंट’ असे लिहून, डोळ्यांभोवती वापरू नये अशी सूचना बारीक अक्षरात दिलेली आढळते. चित्र डोळ्याचे आणि सूचना डोळ्याला न लावण्याची!

यावरून दोन साधे नियम निघतात. ओठांचा लाल रंग पापणीला लावू नये. आणि देवाचा शेंदूर तर मुळीच नाही, कारण खरा शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड. जुन्या पद्धतीचा दगडी सुरमाही पुष्कळदा शिशाच्या गंधकयुक्त खनिजाचाच असतो. आजीच्या काळापासून चालत आला म्हणून तो निर्धोक ठरत नाही.

कायदा कशासाठी?

१९३३ च्या सुमारास अमेरिकेत ‘लॅश ल्यूर’ नावाचा पापण्यांचे केस काळे करण्याचा रंग विकला जात होता. त्यात केसांच्या कलपातले पॅराफेनिलीनडायअमाइन होते. त्याने कित्येक स्त्रियांचे डोळे सुजले, दृष्टी गेली, एक जण दगावलीही. त्या वेळी प्रसाधनांवर तिथे कायदाच नव्हता. तो १९३८ साली झाला. आजही कलपाच्या पाकिटावर ‘भुवया व पापण्यांना लावू नये’ असा इशारा असतो तो याच द्रव्यामुळे.

आपल्याकडे १९४० चा कायदा आधी फक्त औषधांचा होता. १९६२ च्या दुरुस्तीने त्यात सौंदर्यप्रसाधने आली. २०२० साली प्रसाधनांसाठी स्वतंत्र नियम झाले. चालणाऱ्या रंगांसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आय.एस. ४७०७ हे मानक आहे. रंगद्रव्यात शिसे दशलक्षात २० भागांहून आणि आर्सेनिक २ भागांहून अधिक नसावे, अशी मर्यादा आहे.

तरीही कायदा प्रत्येक पेटीच्या मागे उभा राहू शकत नाही. २०१९ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मुलींसाठी विकल्या जाणाऱ्या काही प्रसाधनांत ॲस्बेस्टॉस सापडल्याचा इशारा दिला. त्यांत आयशॅडोही होती. शंखजिरे आणि ॲस्बेस्टॉस ही खनिजे खाणीत शेजारी शेजारी असतात, त्यामुळे ही भेसळ होऊ शकते. म्हणून घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवणे आलेच.

घेताना

सुरतेचा चौटा बाजार ज्यांनी पाहिला असेल, त्यांना कल्पना येईल की पन्नास पावलांत शंभर पेट्या दिसतात आणि त्यांत निवड करणे सोपे नसते. पेटीचे झाकण पाहण्याआधी पाठ पाहावी. निर्मात्याचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, कधीपर्यंत वापरावी ती तारीख एवढे हवेच. परदेशी माल असेल तर आयात करणाराचे नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक हवा. घटकांची यादी अगदी लहान डबीवर नसेलही, पण मोठ्या पॅलेटवर ती नसेल तर पेटी खाली ठेवावी. नामांकित नाव, स्पेलिंगची चूक आणि चौथाई किंमत हे तिन्ही एकत्र दिसले, तर माल नकली समजावा.

चाळीस रंगांची पेटी स्वस्त वाटते, पण त्यातले चारच रंग संपतात. बाकीचे जुने होत पडून राहतात. चार-सहा रंगांची लहान पेटी बरी. आपल्या सावळ्या-गव्हाळ वर्णाला कावेचे, विटकरी, तपकिरी रंग खुलून दिसतात आणि नेमके तेच खनिज रंग असतात. चष्मा लघुदृष्टीचा असेल तर भिंगामागे डोळे लहान दिसतात, म्हणून फिकट रंग घ्यावा. दूरदृष्टीच्या भिंगाने डोळे मोठे दिसतात, तिथे गडद आणि बिनचमकीचा रंग शोभतो.

दुकानातला उघडा नमुना मनगटावर लावून पाहावा, पापणीवर कधीही नाही. त्या वडीत आपल्याआधी किती बोटे बुडाली ते कोणी पाहिलेले नसते. बोट फिरवल्यावर खडूसारखी धूळ उडत असेल तर पूड नीट बांधलेली नाही, ती डोळ्यातच पडणार.

घरी आणल्यावर लगेच समारंभाला लावू नये. कोपराच्या आतल्या बाजूला एकाच जागी रोज दोनदा, असे आठवडाभर थोडे लावून पाहावे. खाज, लाली, पुरळ आले नाही तर पापणीला लावावे. आणि एक गमतीची गोष्ट: पापणीला खाज आली की दोष पेटीचाच असतो असे नाही. नेलपॉलिशची ॲलर्जी बोटांना न दिसता पापणीवर उठते, कारण आपण नकळत डोळ्यांना हात लावत असतो.

वापरताना

हात धुऊन, लेन्स असेल तर ती आधी घालून मग रंगाला हात लावावा. उतरवताना लेन्स आधी काढावी आणि मग रंग पुसावा. ब्रशवरची जादा पूड झटकावी, तोंडाने फुंकू नये. डोळा मिटून पापणीच्या बाहेरच्या अंगालाच लावावे. केसांच्या आतल्या ओल्या काठावर लावू नये. त्या काठावर तेल सोडणाऱ्या ग्रंथींची सूक्ष्म तोंडे असतात. ते तेल अश्रूंवर पसरून त्यांना लवकर सुकू देत नाही. तोंडे बुजली की डोळे कोरडे पडतात, रांजणवाडी येते.

कोरड्या पुडीत जंतू सहसा वाढत नाहीत, त्यांना पाणी लागते. ते पाणी आपणच पुरवतो. रंग गडद यावा म्हणून ब्रश ओला करून वडीवर फिरवतो, कोणी तर थुंकीने ओला करतात. ओला रंग हवाच असेल तर थोडी पूड बशीत काढून घ्यावी आणि स्वच्छ पाण्याने तिथेच कालवावी. मस्कारा मुळातच ओला, म्हणून अधिक धोक्याचा. १९७७ साली अमेरिकन नेत्रतज्ज्ञांनी दाखवून दिले की मस्काऱ्यात वाढलेल्या स्यूडोमोनास जंतूंनी बुबुळावर व्रण होतात. मस्कारा तीन ते सहा महिन्यांत टाकावा. मलमासारखी आयशॅडो वर्षभर आणि कोरडी दोन वर्षांपर्यंत चालते. पेटीवर उघड्या डबीचे चित्र आणि आत बारा किंवा चोवीस असा आकडा असतो. तो उघडल्यानंतरच्या महिन्यांचा. पावसाळ्यात पेटी न्हाणीघरात ठेवू नये. ब्रश आठवड्याला सौम्य साबणाने धुऊन आडवे ठेवून वाळवावेत.

आता स्नेहसंमेलनाकडे वळू. २०२३ च्या पावसाळ्यात गुजरात-महाराष्ट्रात डोळे येण्याची मोठी साथ पसरली होती. तशा दिवसांत एक ब्रश दहा जणींच्या डोळ्यांवरून फिरला तर नाटकाच्या तिसऱ्या अंकाआधीच अर्धी पात्रे घरी जातील. उपाय सोपा आहे. स्वच्छ चमच्याच्या टोकाने प्रत्येकीपुरती पूड कागदावर खरवडून द्यावी आणि प्रत्येकीला कापसाची वेगळी काडी द्यावी. काडी पुन्हा पेटीत बुडवू नये. ज्याचे डोळे आले असतील त्याने रंग लावू नये आणि त्या काळात वापरलेली पूड बरे झाल्यावर टाकून द्यावी. पैसे जातात, पण डोळे राहतात.

रात्री कितीही थकवा असला तरी रंग उतरवूनच झोपावे. कापसावर थोडे तेल घेऊन पापणीवर क्षणभर टेकवावे, हलकेच पुसावे आणि चेहरा धुवावा. घासू नये.

कण डोळ्यात गेलाच तर

सर्वांत पहिली गोष्ट: चोळू नये. स्वच्छ पाण्याच्या धारेखाली डोळा धरून पापण्यांची उघडझाप करावी. रुमालाच्या टोकाने किंवा काडीने कोरू नये. दूध, मध, गुलाबपाणी घालू नये. औषधाच्या दुकानातून कोणते तरी थेंब आणून टाकू नयेत. काही थेंबांत स्टेरॉइड असते. त्याने लाली झटकन जाते, बरे वाटते आणि आत जखम मात्र चिघळू शकते. दुखणे, उजेड न सोसणे, अंधुक दिसणे यांपैकी काहीही राहिले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे आणि पेटी सोबत न्यावी.

मामेबहिणीच्या डोळ्याला टेकवलेली ती पट्टी कसली होती, हे मी नंतर वाचले. ती फ्लुओरेसीनची होती. तोही एक रंगच, कलर इंडेक्समध्ये त्यालाही आकडा आहे. तो डोळ्यासाठी शुद्ध केलेला असतो, म्हणून थेट बुबुळावर चालतो आणि ओरखडा दाखवून देतो. चमकीने दुखावलेला डोळा रंगानेच तपासला. मामा एवढेच म्हणाले, “आमच्या खात्यात नवा ड्रम आला की पहिला प्रश्न असतो, हा कोणत्या कापडाचा? पोरींनीही पेटीला तेच विचारावे, तू कुठल्या जागेची?”

मी निघाले त्या दिवशी मामी जॉबवर्कला बसली होती. चमकीच्या डब्यावर तिने कागद चिकटवला होता आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते: ‘फक्त साडीसाठी’.

— तृतीय वर्ष विज्ञान, रसायनशास्त्र